वायर माझ्या ड्रॉवरमध्ये होती

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. इथे ग्रुपवर लोकांचे भुताखेतांचे अनुभव नेहमी वाचतो, कधी कधी खाली "आधी वायरिंग तपासा" अशी खोचक कमेंटही टाकतो. कारण माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. तुर्भ्याच्या एका कारखान्यात आयुष्यभर इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलं. सप्लाय काढला की मशीन थांबतं, एवढंच माझं तत्त्वज्ञान. पण आमच्या सोसायटीत अजूनही कुणीतरी म्हणतं, "ते म्हात्रे विचित्रच. वैनी-वैनी करायचे आणि बाई आजारी असताना न सांगता निघून गेले." ते ऐकलं की मी लिफ्टची वाट न बघता जिन्याने निघतो. म्हणून आज लिहितोय.

जागा नेरुळ. सोसायटीचा चौथा मजला, शेजारी-शेजारी दोन फ्लॅट. एकात मी आणि माझी बायको उषा, दुसऱ्यात दत्ताराम म्हात्रे. म्हात्रे मूळचे जासई गावचे, तरुणपणी खाडीत होडी घेऊन जाणारे, नंतर नोकरी करून निवृत्त झालेले. बायको वारलेली, मूल नाही. माणूस गप्प, पण बोलला की हसवायचा.

उषा बाथरूममध्ये पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर बरेच महिने पलंगावर. मुलगा परदेशी जाताना त्याचा गेमिंगचा मोठा कॉम्प्युटर हॉलमध्ये ठेवून गेला होता. सुट्टीवर आला तेव्हा त्याने आईसाठी एक खटपट केली. गेम चालायचा हॉलमधल्या मशीनवर, पण त्याचं चित्र वायरने बेडरूममधल्या जुन्या लॅपटॉपवर जायचं. उषा पलंगावरून बटणं दाबायची, ती वायरने परत हॉलमध्ये यायची. याला स्ट्रीमिंग म्हणतात.

गेम मासेमारीचा. एका होडीत दोन माणसं – एकाने सुकाणू धरायचं, दुसऱ्याने जाळं टाकायचं. जाळं उषाचं. सुकाणूवर आधी मी बसलो. पहिल्याच दिवशी होडी खडकावर घातली, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खडकावर.

"अहो, तुम्ही राहू द्या," उषा हसत म्हणाली. "तुम्ही होडी नाही, फोर्कलिफ्ट चालवताय."

विचारपूस करायला आलेले म्हात्रे दारात उभे होते. म्हणाले, "वैनी, मी धरू का सुकानू?"

झालं. मुलाने केबल टीव्हीच्या भोकातून एक वायर म्हात्र्यांच्या घरात ओढली, त्यांच्या पुतण्याने दिलेल्या एका जुन्या कॉम्प्युटरच्या डबड्याला जोडली, हातात कंट्रोलर आणि कानाला हेडफोन दिले. त्या डबड्यात वायफाय नव्हतं, म्हात्र्यांच्या घरी इंटरनेटही नव्हतं. गेमसुद्धा नव्हता. माझ्या राउटरमधून निघालेल्या त्या एका वायरीतून चित्र जायचं, आवाज जायचा आणि त्यांच्या हाताची हालचाल परत यायची. हे नीट लक्षात ठेवा.

रोज दुपारच्या चहानंतर दोघं सुरू व्हायचे. मी हॉलमध्ये पेपर घेऊन बसायचो. समोर स्क्रीनवर होडी आपोआप चाललेली – लाल टोपीवाला सुकाणूवर, पिवळ्या रुमालवाली जाळं फेकतेय – आणि खुर्चीत कुणीच नाही. आत उषा खिदळतेय.

म्हात्र्यांची एक सवय होती. धक्क्यावरून निघताना होडी आधी किनाऱ्याकडे वळवून क्षणभर उभी करायचे, मग समुद्राकडे. गेममध्ये त्याचे गुण मिळत नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "गावच्या देवीला पाठ दाखवून कोन दर्यात जातो, साहेब?" कॉम्प्युटरच्या समुद्रात कसली देवी, असं मी म्हणालो. उषाला ते आवडलं नाही.

एकदा आतून तिचा आवाज ऐकू आला. ती म्हात्र्यांना सांगत होती, लहानपणी वडिलांबरोबर खाडीत जायची, एकदा रात्रभर होडी चिखलात रुतली आणि वडील तिला झोप येऊ नये म्हणून गाणी म्हणत राहिले. हे मला माहीतच नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात एकदाही नाही!

रात्री मी म्हणालो, "मला कधी सांगितलं नाहीस हे."

"तुम्ही विचारलंत कधी?"

साधं उत्तर होतं. पण मी ते आठवडाभर चघळत बसलो. मला आता त्या दोघांचं हसू टोचायला लागलं. औषधं मी देत होतो, बेडपॅन मी उचलत होतो, आणि तिचा चेहरा उजळायचा तो "आले का भाऊ?" म्हणताना. ती त्यांना भाऊ म्हणते, हेही मला दिसत होतं. तरीसुद्धा.

एका सकाळी मी राउटरमधून म्हात्र्यांची वायर काढली. भिंतीच्या भोकातल्या जोडापर्यंतची आमच्या बाजूची सगळी ओढून घेतली, गुंडाळी केली आणि माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये टाकली.

दुपारी म्हात्रे आले. "साहेब, चित्र येत नाय."

"डॉक्टरांनी उषाला स्क्रीन बंद सांगितलीय. विश्रांती हवी."

"मग राहू द्या. बऱ्या होऊ द्या त्यांना." त्यांनी दारातूनच आवाज खाली आणला, तिची झोप मोडू नये म्हणून.

उषाला मी सांगितलं, म्हात्र्यांच्या पुतणीचं लग्न आहे, त्यांना वेळ नाही. ती "बरं" म्हणाली. नंतर एकटीच जाळं टाकत बसायची, होडी धक्क्याला बांधलेली.

आता जे सांगतो ते जसं घडलं तसंच.

काही दिवसांनी दुपारी मी पेपर वाचत होतो. आतून उषा म्हणाली, "अगं बाई! आले वाटतं. अहो, भाऊ आले! आवाज येत नाहीये, पण तेच आहेत."

मी स्क्रीनकडे बघितलं. लाल टोपीवाला सुकाणूवर होता. होडी धक्क्यावरून सुटली, किनाऱ्याकडे वळली... क्षणभर थांबली... आणि मग समुद्राकडे निघाली.

मी उठून राउटर बघितला. म्हात्र्यांच्या वायरची जागा रिकामी. ड्रॉवर उघडला. गुंडाळी तशीच. मी ती हातात घेतली, दोन्ही टोकं बघितली. माझ्या हातात वायर, आणि समोर होडी खडक चुकवत खाडीतून बाहेर पडतेय. खडकाच्या बाजूने, अगदी अलगद. आत उषा जाळं टाकतेय. जाळं जड होत गेलं, पडद्यावर होडी एका बाजूला कलली. असा मासा त्यांना आधी कधी लागला नव्हता.

अंगावर काटा आला, हे खरं. पण भीती नव्हती ती. वायर काढली तरी हे दोघं एकत्रच... हा विचार आला आणि मी तसाच शेजारी गेलो.

म्हात्र्यांचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते त्या डबड्यासमोर बसले होते. पडदा काळा. डबडं चालूसुद्धा नव्हतं. हातात कंट्रोलर, डोळे अर्धवट मिटलेले, अंगठे हळूहळू फिरत होते. भिंतीपलीकडून उषाचा आवाज आला – "ओढा भाऊ, ओढा!"

मला बघून ते ओशाळले. "काय नाय, साहेब. हाताला सवय लागली. असाच बसतो दुपारचा. वैनींना बरं हाय ना?"

तेव्हा मी सगळं सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, "म्हात्रे, सोसायटीत लोक बोलतात. एकटा पुरुष, दुसऱ्याची बायको. आम्हाला इथे राहायचंय."

सोसायटीत कुणीही काही बोलत नव्हतं. एक माणूसही नाही.

त्यांनी कंट्रोलर हळूच टेबलावर ठेवला. त्याच क्षणी भिंतीपलीकडून उषा म्हणाली, "अहो भाऊ? कुठे गेलात? जाळं भरलंय हो..."

मी घरी आलो तेव्हा होडी समुद्रात आडवी उभी होती. लाल टोपीवाला जागेवर नव्हता.

दुसऱ्या दिवशी म्हात्रे जासईला भावाकडे गेले ते कायमचे. कंट्रोलर पेपरात गुंडाळून आमच्या दाराच्या कडीला अडकवलेला होता. उषाने विचारलं, "मी काही बोलले का हो त्यांना?" मी म्हणालो, "माणसं असतात तशी." तिने गेम पुन्हा उघडला नाही. पुढे ती वॉकर घेऊन चालायला लागली, आणि नंतर वर्षभराने न्यूमोनियाने गेली. तो प्रश्न तिने आणखी एकदा विचारला होता, हॉस्पिटलमध्ये. तेव्हाही मी विषय बदलला.

ती गेल्याचं सांगायला मी जासईला गेलो. रस्त्याला कंटेनरच्या गाड्यांची रांग, घरात खाटेवर म्हात्रे. खूप खंगले होते. बातमी ऐकून खाटेवर उठून बसले.

"रागावलेल्या का माझ्यावर?"

"नाही हो. आठवण काढायची."

"त्या दिवशी जालं भरलेलं ना, साहेब? मोठा मासा होता. मना हाताला कळत होता. आणि मी वैनींना तसंच मधी सोडून उठलो..." त्यांनी डोळे पुसले. "चुकलं माझं. त्यांना सांगायचं राहून गेलं."

जाळं भरल्याचं भिंतीपलीकडून ऐकू आलं असेल, पण मासा मोठा होता हे मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. उषाची आणि त्यांची पुन्हा भेट झालेली नव्हती. बंद डबडं, काळा पडदा, ड्रॉवरमधली वायर... माझ्या सगळ्या अनुभवाने मी विचार केला, आजही करतो. मुलालाही फोनवर विचारलं. तो म्हणाला, "बाबा, हे शक्यच नाही."

त्या दिवशी वायर माझ्या पिशवीत होती. त्यांना दाखवायची म्हणूनच नेली होती. त्यांच्या भावाच्या बायकोने चहा आणला. मी चहा प्यायलो, "काळजी घ्या" म्हणालो आणि उठलो. पुढच्या वेळी नक्की सांगू, असं बसमध्ये ठरवलं. पुढच्या वेळी गेलो ते त्यांच्या दहाव्याला.

म्हात्रे, तुम्ही वैनींना सोडून गेला नव्हतात. वायर मी काढली होती. लोक बोलत नव्हते, मीच बोलत होतो. उषा, तू त्यांना काहीही बोलली नव्हतीस. मला माफ करा, दोघांनीही.