सोनकीचं निर्माल्य

म्युझियममध्ये माझं काम हर्बेरियमचं, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पती सांभाळायचं. सोनकीचे नमुने आमच्याकडे ढीगभर. डेझीच्या कुळातलं हे पिवळं रानफूल साताऱ्याकडून आलंय, माथेरानहून आलंय, पण घणसोलीमागच्या आमच्या डोंगरावरचा एकही नमुना नाही. नमुना नाही तर नोंद नाही. डोक्यात जायचं माझ्या.

गौरी-गणपती उरकले आणि त्या डोंगराच्या एका उतारावर मला ती सापडली. फुलांसकट एक फांदी आणली, पेपरात दाबून गादीखाली ठेवली, रोज कागद बदलून वाळवली. पुढच्या रविवारी पुन्हा गेले तर उतारच नव्हता. डोंगर कापून जागा सपाट केली होती. म्हणजे आता उरली ती फक्त माझ्या गादीखालची.

घट बसायच्या आधी सासूबाईंनी घर साफ करायला काढलं. संध्याकाळी कामावरून येऊन गादी उचलली, तर खाली काहीच नाही.

"आई, इथला पेपर?"

"आगं, वाळली फुलं हुती त्यात. देवाच्या फुलांवर झोपतं का कुणी? निर्माल्यात टाकून आले."

ओरडणार होते, पण ओरडू कशावर? वाळलेलं फूल कचऱ्यात टाकायचं नाही, तलावाकाठच्या कलशात सोडायचं. मीही तेच केलं असतं.

चपला अडकवून धावत सुटले. सासूबाई मागोमाग. कलश शिळ्या हारांनी काठोकाठ भरलेला. मी कोपरापर्यंत हात घातले. चिकचिक, वास, विचारू नका.

"मंगळसूत्र पडलं का हो?" एका बाईंनी विचारलं.

"त्याच्याहून मोठं," सासूबाई म्हणाल्या. काय हरवलंय ते मी त्यांना अजून सांगितलंही नव्हतं.

तळाशी कॅरीबॅग हाताला लागली. 'प्लास्टिक टाकू नये' असं कलशावर ठळक लिहिलंय, ते सासूबाईंनी वाचलंच नव्हतं. देवच पावला म्हणायचा. आत पेपर कोरडा, सोनकी जशीच्या तशी. मी तिथेच पायरीवर फतकल मारली. इतकं हलकं कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.

परवा ती कागदावर चिकटवली, ठिकाण म्हणून आमचा डोंगर लिहिला आणि कपाटात ठेवली. उतार गेला तो गेलाच. पण तिथे सोनकी फुलायची, हे आता कुणाला नाकारता येणार नाही.

लगेच घरी फोन लावला. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "आता तिथनं तिला कोन हलवनार न्हाई न्हवं?"

"नाही, आई," म्हटलं आणि मला रडूच फुटलं.