अक्काच्या लग्नातली पंगत

घरी सर्व्हर घ्यायचा म्हटलं की समोरचा आधी विचारतो, किती पिक्चर ठेवायचेत? लातुरात आमच्या कोचिंग क्लासला कॅमेरे आणि हार्ड डिस्क पुरवणाऱ्या दुकानदारानंही तेच विचारलं. मी म्हणालो, "पिक्चर नाहीत. बहिणीच्या लग्नाची कॅसेट आहे." त्यानं माझ्याकडं दयेनं पाहिलं. "सर, एका लग्नाला पेनड्राइव्ह बस की. एवढा खर्च कायकू?"

त्याचं चुकत नव्हतं. त्यानं ती कॅसेट पाहिली नव्हती, एवढंच.

अक्काचं लग्न भूकंपाच्या आधीच्या उन्हाळ्यात आमच्या गावी झालं. दाजी नांदेडचे, रेल्वेत नोकरीला, त्यामुळं व्हिडिओवाला वरपक्षानंच आणला होता. आमच्या गावात तोवर असला कॅमेरा आला नव्हता. त्या बहाद्दरानं अक्षता कशाबशा उरकल्या आणि पंगतीत मात्र झगझगीत दिवा घेऊन प्रत्येक रांग फिरला, एकेकाच्या तोंडापुढं थांबत. कुणी बुंदीचा घास हातातच धरून बसलंय, कुणी पदर सावरतंय, कुणी वाढप्यावर खेकसतंय. पुढं कॅसेट अक्काबरोबर नांदेडला गेली. पावसाळा सरता सरता गाव पडलं. मी लातूरला वसतिगृहात होतो म्हणून वाचलो. आई आणि दादा, म्हणजे आमचे वडील, गेले. पंगतीतली कितीतरी माणसं गेली.

मग अक्काचं घर म्हणजे आमच्या गावाचं थेटर झालं. पुनर्वसनाच्या नव्या वसाहतीतनं लोक एसटीनं नांदेडला यायचे, पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "अक्का, तेवढी कॅसेट लावता का?" आपलं माणूस दिसलं की थांबवायचे, मागं घ्यायचे, पुन्हा थांबवायचे. नवरा-नवरीकडं कुणी ढुंकूनही बघत नसे. दाजी कुरकुरायचे, "आमच्याच लग्नात आम्हाला कुणी विचारंना झालंय." व्हीसीआर दुरुस्त करणाऱ्यानं अक्काला बजावलं होतं, एका जागी थांबवून ठेवलं की फीत झिजते, तिथलं चित्र जातं. मी तिच्यावर चिडायचो, लोकांना थांबवू देऊ नको म्हणून. तिचं उत्तर ठरलेलं असायचं.

"दुसरीकडं कुठं दिसणार हाय त्यांला? बघू दे."

आणि ती चहा टाकायला आत जायची.

दरम्यान लातूर शिकवण्यांचं शहर झालं. गुणवंतांच्या फोटोंनी भिंती भरल्या आणि मी जीवशास्त्राचा 'सर' झालो. आमच्या क्लासमध्ये माझा पेशीविभाजनाचा तास तीन-तीन ठिकाणी जपून ठेवलेला, आणि माझ्या आईचं एकुलतं एक हलतं चित्र अक्काच्या शोकेसमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत. याची मला शरम वाटायला लागली, म्हणून सर्व्हर.

इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुलं टाकायला अक्का तयार नव्हती. "आपली गेलेली माणसं वाटंल त्यानं बघावीत, हे मला न्हाई पटत." मोबाइलवर पाठवलेलं तर चार दिवसांत हरवतं. म्हणून घरातच सर्व्हरचा एक डबा ठेवायचा आणि गावातल्या प्रत्येक घराला त्याचं खातं द्यायचं. त्यांनी आपल्या घरी बसून बघावं. तोवर बाकीचेही पाव्हण्यारावळ्यांकडं सापडलेले फोटो आणि कॅसेटी आणून द्यायला लागले होते. म्हणजे पेनड्राइव्हचा प्रश्न मिटलाच.

महिनाभर मी वेग, मेमरी, पंख्याचा आवाज असलं वाचून डोकं पिकवलं. शेवटी अक्काला घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं महागडा डबा पुढं सरकवला. "यात दोन डिस्क, ताई. दोन्हीत तेच. एक गेली तरी दुसरी हाय."

"दोन्ही एकाच डब्यात?" अक्का म्हणाली.

"हाव."

"आन् डबा एकाच घरात?"

दुकानदार माझ्याकडं बघायला लागला. मी पडलेल्या गावचा माणूस, आणि हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आम्ही मोठा डबा परत सरकवला आणि दोन छोटे घेतले. एक माझ्याकडं, एक नांदेडला तिच्या देव्हाऱ्याखाली. इकडं ठेवलेलं आपोआप तिकडंही उतरतं. मला तिचा इतका अभिमान वाटला की दुकानदारासमोरच पाया पडावंसं वाटलं.

मग कॅसेट संगणकावर उतरवायला बसलो. पंगत आली. पडद्यावर नुसते पांढरे ओरखडे. ज्याला जास्त बघितलं गेलं, त्याचा चेहरा जास्त थरथरत होता. ओळखू येत होते सगळे, पण जेमतेम. मग पाठवणी आली, आणि चित्र एकदम लख्ख झालं. जीपपाशी आई अक्काच्या केसातला गजरा नीट करते आहे, शेजारी दादा उपरण्यानं डोळे टिपत आहेत. एकही ओरखडा नाही. तिथं कुणी थांबलंच नव्हतं.

मी अक्काला फोन केला. "तू आईला एकदापण थांबवलं नाहीस?"

"लोकांला वर्षातनं एकदा यायला मिळायचं," ती म्हणाली. "माझ्या तर घरातच व्हती ती. एकदा थांबवलं असतं तर मला सोडवलं नसतं."

मग तिनं विचारलं, "आता थांबवलं तर झिजत न्हाई ना?"

"नाही," मी म्हणालो. मला रडू येत होतं.

कोण कुठं थांबलं ते सर्व्हर लक्षात ठेवतो. गावातली बहुतेक खाती पंगतीत थांबलेली असतात, प्रत्येक आपापल्या माणसापाशी. अक्काचं खातं पाठवणीपाशी आहे. आईचा हात गजऱ्यावर आहे आणि जीप अजून सुटलेली नाही.