तिच्या हातचा कडू घास

माझ्या वर्गात एक पोरगी होती, तिला भागाकार येत नव्हता पण माणूस बरोबर कळत होता. हे आधीच सांगून टाकते, कारण ही गोष्ट तिची आहे, आणि तिच्याजवळ जे एकच होतं ते तिच्याकडून कसं काढून घेतलं त्याची आहे.

शाळा बिलोली तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. दोन खोल्या, एक व्हरांडा आणि मागं खिचडी शिजवायचं पत्र्याचं शेड. शिक्षक दोनच, मोठे गुरुजी आणि मी. तिसरी-चौथी माझ्याकडं. मी नांदेडहून ये-जा करायचे, एसटी चुकली की मिळेल त्या जीपमध्ये कोंबून घ्यायचे. माझा स्वभाव तापट, हे शाळेच्या शिपायापासून सरपंचापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. पोरं आपसात म्हणायची, बाई वरडतात लई, पण मारत न्हाईत.

एका वर्षी आम्हाला नांदेडला प्रशिक्षणाला बोलावलं. विषय होता मुलांच्या भावनिक आणि सामाजिक क्षमता. साहेबांनी पडद्यावर हसरे आणि रडके गोल चेहरे दाखवले आणि सांगितलं, प्रत्येक मुलात काही ना काही बळ असतं, ते त्याचं त्याला दाखवून द्या. माझ्या शेजारी बसलेल्या देगलूरकडच्या बाई हळूच म्हणाल्या, आमच्या पोरांत एकच बळ हाय, कंपाउंडवरून उडी मारायचं. मीही हसले. पण परतीच्या बसमध्ये ते वाक्य डोक्यातून जाईना. इतकी वर्षं मी पोरांना काय येत नाही तेवढंच तर सांगत आले होते. येतं काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

मग मी शनिवारचा एक खेळ काढला. दप्तर नसायचंच त्या दिवशी. बादलीत गेरू कालवायचा, एका पोरानं त्यात तळहात बुडवून वर्गाच्या भिंतीवर उमटवायचा, आणि बाकीच्यांनी सांगायचं की हा हात कशात चांगला. अभ्यास सोडून काहीही. जे ठरेल ते हाताखाली लिहायचं. पहिल्या शनिवारी सगळे हात गोट्या खेळण्यात, कैऱ्या पाडण्यात आणि दगड मारण्यातच चांगले निघाले. हळूहळू पोरं विचार करायला लागली. एकाला म्हणाली, हा हरला तरी चिडत न्हाई. एकीला म्हणाली, ही कुणाची चुगली करत न्हाई. ज्याला म्हणत त्याचं तोंड बघण्यासारखं व्हायचं.

मग एका शनिवारी त्या भागाकार न येणाऱ्या पोरीचा हात उमटला. ती बौद्ध वस्तीतली. बाप गवंडीकाम करायचा, ती पहिलीत असताना परांचीवरून पडून गेला. आई मोलमजुरी करायची. पोर अंगानं किडकिडीत, आवाज बारीक, अभ्यासात मागं. मला धाकधूक होती की हिच्याबद्दल कुणी काही बोलणारच नाही. तेवढ्यात वर्गातला सगळ्यात द्वाड पोरगा म्हणाला, हिच्याजवळ बसलं का रडू थांबतंय. आणि एकदम पाच-सहा जणांनी माना हलवल्या. हाव बाई, खरंय.

त्यानंतर मी नीट बघायला लागले. खरंच होतं. पहिलीतलं लेकरू पडलं की ही सगळ्यांच्या आधी पोचायची. उगी उगी म्हणायची नाही. शेजारी बसायची, पाठीवर हात ठेवायची आणि लेकराचं रडणं संपेपर्यंत थांबायची. भांडणाऱ्या दोघांच्या मधे नुसती उभी राहिली तरी ते गप व्हायचे. तिला हे कुणी शिकवलं, देव जाणे. ती मात्र येता-जाता भिंतीवरच्या त्या हाताला आपला हात लावून बघायची, मापाला बसतो का म्हणून. मला फार बरं वाटायचं ते बघून.

पावसाळा संपता संपता गावातल्या किराणा दुकानदाराची बायको तापानं गेली. लातूरच्या दवाखान्यात नेली होती, तिथंच गेली. त्यांची मुलगी माझ्याकडंच, तिसरीत. तिला लगोलग उदगीरला मावशीकडं पाठवलं. त्यांच्यात पुरतात; आईला समाधी दिली तेव्हा ती गावात नव्हती. परत आणली तेव्हा सांगितलं, आई लातूरच्या दवाखान्यात आहे, बरी झाली की येईल. दुकानदार स्वतः शाळेत येऊन गेला. कुणी काही बोलायचं नाही, असं मोठ्या गुरुजींना बजावलं. गुरुजींनी परिपाठाला, ती यायच्या आत, सगळ्या शाळेला तंबी दिली.

आता आठ वर्षांच्या पोरीला गावात काय कळत नाही? दारात येणारी माणसं, आजीचं पदराआड रडणं, भिंतीवर आईच्या फोटोची रिकामी झालेली जागा. फोटो मोठा करायला दिला होता. तिला सगळं कळत होतं, आणि कुणी सांगत नव्हतं म्हणून तिलाही विचारता येत नव्हतं. ती बोलेनाशी झाली. खिचडीचं ताट समोर घेऊन बसायची आणि शेवटी शेडमागच्या कुत्र्याला घालायची. घरीही तेच चाललं होतं, असं शेजारची बाई सांगायची. फ्रॉक अंगावर लोंबायला लागला. एकदा प्रार्थनेला उभी असताना चक्कर येऊन पडली.

मी दुकानात गेले. म्हटलं, लेकराला खरं सांगा, तिला रडू द्या, नाहीतर ही पोर हातची जाईल. त्यानं तराजूतली साखर नीट केली आणि वर न बघता म्हणाला, "बाई, तुम्ही पाढे शिकवा. घरचं आमचं आम्ही बघू." माणूस वाईट नव्हता. दाढी वाढली होती, डोळे खोल गेले होते. पण मला असा राग आला की मी साखर न घेताच परतले.

आमच्याकडं मयत झाल्यावर त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे भाकरी-वरण घेऊन येतात आणि दुःखातल्या माणसाला बळंच भरवतात. तो नाही नाही म्हणतो, रडतो, आणि रडता रडता गिळतो. त्याला कडू घास म्हणतात. तो घास पोटात गेला की माणूस पुन्हा जेवायला लागतो. दुकानदाराला, आजीला, सगळ्यांना तो मिळाला होता. या पोरीला कुठून मिळणार? तिच्यासाठी कुणी मेलंच नव्हतं.

हे माझ्या डोक्यात आलं नाही, प्रशिक्षणातल्या साहेबांच्या तर मुळीच आलं नसतं. आलं ते वस्तीतल्या त्या पोरीच्या. एक दिवस खिचडी वाढत असताना माझ्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "बाई, हिला कडू घासच दिला न्हाई कुणी. मग कसं उतरंल हिच्या घशाखाली?"

मी काही बोलायच्या आत ती आपलं ताट घेऊन तिच्यापुढं जाऊन बसली. खिचडीचा घास केला आणि तिच्या तोंडाजवळ नेला. दुकानदाराच्या लेकीनं मान फिरवली. हिनं हात तसाच धरून ठेवला. मग ती म्हणाली, "तुझी आई गेली. माझा बाप बी गेलाय. खा."

 दुकानदाराच्या लेकीनं तोंड उघडलं, घास आत गेला आणि मग तिच्या पोटातून असा हंबरडा फुटला की खिचडी करणारी बाई हातातल्या पळीसकट बाहेर धावत आली. रडत होती आणि खात होती. एक घास, दुसरा, तिसरा. वस्तीतली पोर भरवत होती, मधेमधे आपल्या फ्रॉकच्या टोकानं तिचं नाक पुसत होती. मी व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होते, माझेही डोळे वाहात होते. त्या दिवशी दुकानदाराची लेक सगळं ताट संपवून माझ्या मांडीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिची आजी शाळेच्या फाटकात उभी. मला वाटलं, आभार मानायला आली असेल. कसचे आभार. आईचं कुणी सांगितलं, हे तिनं एकदाच विचारलं. बाकी सगळा वेळ एकच लावून धरलं होतं: आमच्या पोरीच्या तोंडात कुणाचा हात गेला. लेकरू पोटभर जेवलं, रात्रभर शांत झोपलं, याचं तिला काहीच नव्हतं. मी तिला जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. मोठ्या गुरुजींनी मला आत ओढलं आणि म्हणाले, बाई, प्रकरण वाढवू नका, गावात राहायचंय आपल्याला. मी म्हटलं, मी तर नांदेडला राहते.

आठवडा संपायच्या आत दुकानदारानं लेकीला लातूरला नेलं, वसतिगृहाच्या शाळेत टाकलं. आणि इकडं पंगतीत डबे यायला लागले. कुणी जाहीर काही केलं नाही. पोरं घरून डबा आणत आणि दुसऱ्या टोकाला बसत. खिचडी आवडत न्हाई, म्हणत. वस्तीतल्या पोरीच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामी राहायला लागली. तो द्वाड पोरगा दोन दिवस तिच्याजवळ बसला, तिसऱ्या दिवशी त्याचाही डबा आला. मग मी ताट घेऊन तिच्याशेजारी बसले, तिच्याच ताटातला घास उचलून सगळ्यांदेखत खाल्ला. पोरांनी बघितलं आणि आपापल्या डब्यात मान घातली. घरोघर फिरले. सगळीकडं एकच उत्तर, बाई, आमचं काय न्हाई, पर म्हातारी माणसं हायती घरात. ज्या घरात म्हातारं माणूस औषधालाही नव्हतं, तिथंही हेच.

वस्तीत जाऊन त्या पोरीच्या आईला म्हटलं, आपण तक्रार करू, मी साक्ष देते. ती कामावरून आली होती, हाताला सोयाबीनची कूस लागलेली. तिनं मला बसायला पोतं दिलं, पाणी दिलं. म्हणाली, उद्या गावातल्या याच लोकांच्या शेतात काढणीला जायचंय. मग हाताची कूस झटकत राहिली. शेवटी म्हणाली, "बाई, तिचा गुण तुमच्या भिंतीवरच राहू द्या. आमाला इथंच जगायचंय."  तिच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

त्या हिवाळ्यात माझं लातूरला काम निघालं तशी मी वाट वाकडी करून त्या वसतिगृहात गेले. पोर अंगानं भरली होती. खडूनं रेघ मारल्यासारखी सरळ बसून माझ्याशी बोलली. मला म्हणाली, सगळे खोटं बोलले बाई, ती एकटीच खरं बोलली. निघताना फाटकापर्यंत आली आणि म्हणाली, "तिला सांगा, मी जेवते."

मी तो निरोप दुसऱ्याच दिवशी पोचवला. शब्दाला शब्द. वाटलं होतं, ऐकून हिचा चेहरा खुलेल. तिनं खाली मान घालून ऐकलं, हाव म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. भिंतीवरच्या हाताला हात लावायचं तिनं केव्हाच सोडलं होतं.

जूनमध्ये शाळा उघडली. ती चौथीत आली होती. पहिलीत नवं आलेलं एक लेकरू आई निघून गेली तसं व्हरांड्यात लोळण घेऊन रडायला लागलं. गुरुजींनी बिस्कीट दिलं, ते त्यानं फेकलं. मी कडेवर घेतलं तर लाथा झाडायला लागलं. सवयीनं माझी नजर तिच्याकडं गेली. ती दारातच बसली होती, पाटी मांडीवर. लेकराकडं बघत होती. मी म्हटलं, जा ना बाळा, तुझ्याजवळ गप बसंल.

तिनं दोन्ही हात मांडीखाली दाबून घेतले.

"माझ्या हातचं न्हाई चालत, बाई," ती म्हणाली. सांगताना आवाजात राग नव्हता, रडू नव्हतं. माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं सांगितलं. लेकरू रडत राहिलं. थोड्या वेळानं तिनं एक हात बाहेर काढला, पेन्सिल उचलली आणि पाटीवरचा भागाकार पुढं करायला लागली. आता तिला तो येत होता.