मागची दोन गलबतं

सोलापुरात राहून समुद्राची काळजी करणारा खुळा माणूस मी एकटाच असेन. नळाला पाणी आलं की आमच्या गल्लीत धावपळ उडते, आणि मी गेली वीस वर्षं लढाऊ जहाजं काढत बसलोय. बायको म्हणते, "आवो, आदी घागर भरा, मग समुद्र." तिचं काही खोटं नाही.

माझं काम चादरीच्या डिझाईनचं. ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरून जकार्ड मागाचे भोकांचे पुठ्ठे पाडतात आणि मागावर मोर, वेली, फुलं उमटतात. वळसंगच्या शेतकऱ्याचा मी मुलगा, समुद्र पहिल्यांदा बघितला तो लग्नानंतर. पण उरलेल्या ग्राफवर हात जातो तो जहाजांकडेच. त्यातही खरी जहाजं नव्हेत, कधी झालीच नाहीत अशी. आपल्या जुन्या आरमाराची गलबतं उथळ बुडाची. खाडीत शिरायला झकास, पण खोल पाण्यात विलायती जहाजांपुढं त्यांचं काही चालायचं नाही. आता समजा, आपण तेव्हाच खोल बुडाची, तोफांचे दोन मजले असलेली, खाली तांब्याचा पत्रा मारलेली जहाजं बांधली असती तर? शत्रू किनाऱ्यावर येईस्तोवर वाट बघण्यापेक्षा पुढं जाऊन त्याला गाठलं असतं तर? इतिहास कुठल्या कुठं गेला असता की!

हे ऐकून घेणारी गावात दोनच माणसं. एक नवी पेठेतला माझा कापड दुकानदार मित्र, दुसरे इतिहास शिकवून निवृत्त झालेले सर. दर रविवारी सकाळी दुकानावरच्या माळ्यावर आम्ही निळी चादर अंथरतो, तो समुद्र. सूत गुंडाळायच्या रिकाम्या कांड्या ही जहाजं. माझ्या तांबड्या, सरांच्या पांढऱ्या. दुकानदार टेबलफॅन ज्या बाजूला ठेवेल तिकडून वारा. जे जहाज बुडेल ती कांडी पत्र्याच्या डब्यात टाकायची. टण्ण आवाज होतो. मला तो आवाज फार आवडायचा.

माझा एक हुकमी डाव होता. ताफ्यातली मागची दोन गलबतं शिडं उतरवून रेंगाळत ठेवायची, जणू मोडलीयेत. शत्रू त्यांच्यावर तुटून पडला की बाकीच्यांनी वाऱ्याच्या बाजूनं येऊन त्याला घेरायचं. दोन जातात, पण पुढची लढाई आपली. या डावावर मी सरांना सलग पाच रविवार धूळ चारली आहे. सर चिडायचे, "मामा, माणुसकी हाय का न्हाय?" मी मिशीत हसायचो.

आता मुलीचं सांगतो. एकुलती एक. लहानपणी माझ्या मांडीवर बसून चौकोन रंगवायची, आणि कॉलेज झाल्यावर गेली ती थेट नौदलात. जहाजाच्या पोटात, इंजिनापाशी तिचं काम. बायको तेव्हा चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी एवढंच म्हणाली, "तुमच्या कागदानं नेली तिला."

मागच्या सुट्टीत मुलगी घरी आली होती. माझं सगळ्यात मोठं जहाज, दोन महिने खपून काढलेलं, मी तिच्यापुढं मांडलं. तिनं खालच्या मजल्यावर बोट ठेवलं. "आप्पा, हितं तोफांवर माणसं हायत न्हवं? मग त्यांना वर यायला जिना कुटं हाय?"

मी कागद जवळ ओढला. चादरीच्या डिझाईनमध्ये पाव भागच काढायचा असतो, तोच उलटापालटा करून बाकीचे तीन भाग माग विणतो. सवयीनं मी जहाजाचाही पावच भाग काढला होता. त्या पावात जिना नव्हता, म्हणजे अख्ख्या जहाजात नव्हता. चाळीस तोफा, शेदोनशे माणसं, आणि वर यायला वाट नाही! मुलगी पोट धरून हसली. "चादरीत कोण राहतंय आप्पा? जहाजात माणसं राहत्यात." मीही हसलो. तेव्हा हसू आलं.

सुट्टी संपवून ती गेली आणि पुढं एक दिवस फोन आला. "आता काही दिवस फोन लागायचा न्हाय. कुटं, कशाला, ते इचारू नका." टीव्हीवर त्याच आठवड्यात समुद्रातल्या तणावाच्या बातम्या सुरू झाल्या होत्या. बोलणारे घसा फोडून बोलत होते, नकाशावर बाण सोडत होते. असे बाण मी आयुष्यभर काढलेत. आता ते बघवेनात. मी टीव्हीच बंद करून टाकला.

एकोणीस दिवस झाले. बायको भाकरी थापताना फोन शेजारी ठेवायची, आणि जरा कुठं वाजल्यासारखं वाटलं की पिठाच्या हातानं उचलायची. फोनवर पिठाची बोटं उमटलेली असायची. माझ्या जिवाला घोर लागला होता. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते शब्दशः खरं आहे. करणार काय? मी जुने कागद काढून प्रत्येक जहाजात जिने घालत बसलो. वीस वर्षांत एकाही जहाजात मी जिना काढला नव्हता हो!

विसाव्या दिवशी रविवार होता. घरात बसवेना म्हणून माळ्यावर गेलो. डाव रंगला. सरांच्या पांढऱ्या कांड्या माझ्या रोखानं आल्या. सरांनीच हसून हात पुढं केला, "चला मामा, टाका मागची दोन. तुमचा तो हुकमी डाव."

मी मागची कांडी उचलली. रिकामी, हलकी कांडी, पण बोटं सोडेनात. खाली इंजिनापाशी कोण असेल? जिना कुठल्या बाजूला? नाही टाकली. दोन्ही कांड्या ओढून मी ताफ्याच्या मधोमध आणून ठेवल्या. झालं, रांग मोडली. सरांनी संधी साधली. टण्ण, टण्ण, टण्ण. माझी सात जहाजं डब्यात गेली.

"अहो, दोन वाचवायला सात घालवलीत!" सर म्हणाले.

"घालवली तर घालवली! तुमच्या घरचं कोण हाय का त्यात?" मी ओरडलो. सर गोरेमोरे झाले. दुकानदारानं फॅन बंद केला. खाली रस्त्यावर रिक्षा ओरडत होत्या. सरांची माफीही न मागता मी जिना उतरलो.

घरी आलो तर त्या दोन कांड्या मुठीतच राहिलेल्या. बायकोनं बघितलं. माझ्या खेळाला पोरखेळ म्हणणारी बाई, पण त्या दिवशी तिनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"सात बुडाली?"

"सात."

"आनि ही दोन?"

"ही हायत."

तिनं कांड्या पदरानं पुसल्या आणि फोनच्या शेजारी उभ्या करून ठेवल्या.

बुधवारी दुपारी फोन वाजला. मी उचलला. मुलीचा आवाज! डोळ्यांतून घळाघळा पाणी. बरी आहेस ना, एवढंच कसंबसं विचारलं.

"बरी हाय की, आप्पा. दोनच मिनटं हायत. रविवारी जिंकलात का?"

"हरलो."

"आं? मागची दोन दिली न्हाईत?"

"न्हाई दिली."

पलीकडं बारीक घरघर येत होती, इंजिनाची असेल. मग "मीठ द्या" म्हणावं इतक्या साध्या आवाजात म्हणाली, "द्यायची असतात, आप्पा."

तेवढ्यात बायकोनं माझ्या हातातून फोन हिसकावला. "जेवलीस का गं? काय खाल्लंस?"

पुढच्या रविवारी मी सरांची माफी मागितली. आम्ही परत खेळतो, पण माझ्या बाजूला दोन कांड्या कमी असतात. हरवल्या म्हणून सांगितलंय. सर काही विचारत नाहीत.