गाऊनमामांचा उजवा हात

आमच्या विद्यापीठात यंदा मानद पदवी कोणाला मिळणार, हे ओळखायला फार अक्कल लागत नाही. निवड समितीच्या अध्यक्षांना सध्या काय दुखतंय, तेवढं विचारायचं. त्यांना मुतखडा झाला त्या वर्षी मूत्रपिंडाचे तज्ज्ञ आले. छातीत कळ आली, हृदयवाले आले. गुडघे बदलून झाले, हाडांचे डॉक्टर आले. कवी, गवई, शास्त्रज्ञ यांनी जगाला काय दिलं असेल ते असो, पण फोन केला तर ते औषध सांगत नाहीत. म्हणून विद्वत्तेचा मान आमच्याकडे डॉक्टरांचाच.

मी समारंभ विभागात टंकलेखन करते. मंचावर वाचायचं मानपत्र विद्यापीठातले पंडित लिहितात, असा लोकांचा समज आहे. ते ज्याचं त्यानेच लिहून पाठवलेलं असतं. आम्ही फक्त 'मी' काढून 'ते' घालतो. आपली टिमकी आपणच वाजवायची, आणि ती दुसऱ्याने वाजवली असं दिसावं म्हणून विद्यापीठ भाड्याने घ्यायचं, असा हा प्रकार आहे.

माझा मामा याच विद्यापीठात शिंपी होता. तळमजल्यावर गाऊनची खोली, तिची किल्ली त्याच्या कमरेला. सगळे त्याला गाऊनमामा म्हणत, कुलगुरूसुद्धा. विद्यार्थ्यांचे गाऊन ठरावीक मापाचे, भाड्याचे. कोणाच्या घोट्याला लागतात, कोणाच्या गुडघ्याला. पण मानद पदवीचा गाऊन पाहुण्यांच्या मापाने शिवायचा आणि तो त्यांनी घरी न्यायचा, अशी रीत. त्यासाठी पाहुणे समारंभाआधी एकदा माप द्यायला आणि एकदा अंगावर घालून बघायला येत. मोठमोठी माणसं त्या खोलीतल्या आरशासमोर हात पसरून उभी राहत, आणि मामा तोंडात टाचण्या धरून त्यांच्याभोवती फिरत असे. "पोट आत घेऊ नका साहेब, मंचावर विसराल," असं तो सांगायचा, आणि ते ऐकायचे. विद्यापीठात खरं ऐकून घ्यायची तेवढी एकच जागा होती.

गेली दोन-तीन वर्षं मामाचा उजवा हात बिघडला होता. गंमत अशी की कात्री हातात असली की हात शहाण्यासारखा वागे. रिकामा राहिला की थरथरायला लागे, अंगठा तर्जनीवर घासत राही, जणू दोरा वळतोय. म्हणून मामाने हात रिकामा ठेवायचंच सोडलं. सतत काहीतरी धरलेलं: खडू, टेप, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान, काही नाही तर चहाचा रिकामा कप. पावलंही आखूड पडायला लागली होती. मामी म्हणायची, "यांचं तोंड बघा, विनोद केला तरी हलत नाही. लग्नात तरी हसले होते." तिला वाटायचं, वयाप्रमाणे माणूस घुमा होतोय. हाताचं मला एकटीला माहीत होतं, कारण दुपारचा डबा आम्ही गाऊनच्या खोलीत बसून खायचो आणि घास घेताना खडू धरता येत नाही. घरी मामी वाढण्यात गुंतलेली असायची.

"दाखव ना कोणाला तरी," मी म्हणायचे.

"बाहेरचे डॉक्टर परवडत नाहीत. विद्यापीठाच्या दवाखान्यात दाखवलं तर संध्याकाळपर्यंत कुलसचिवांना कळेल. शिंप्याचा हात गेला की शिंपी गेला. मग ही किल्ली दुसऱ्याच्या कमरेला."

मग ते वर्ष उजाडलं. अध्यक्षांना चक्कर यायला लागली, आणि मानद पदवी मेंदू आणि मज्जातंतूंच्या एका नामांकित डॉक्टरांना जाहीर झाली. त्यांनी स्वतःबद्दल काय लिहून पाठवलं होतं, ते मी डबा खाताना मामाला हसत हसत सांगितलं: रुग्ण दारातून आत येतो तोच, त्याच्या चालीवरून आणि हाताच्या नुसत्या हालचालीवरून ते व्याधी ओळखतात.

मामा हसला नाही. म्हणाला, "खरंच ओळखतात?"

"स्वतःच लिहिलंय."

"उगाच कोण लिहील?"

माझ्या मामाचा लिहिलेल्या शब्दावर फार विश्वास. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "परगावचा माणूस आहे. गाऊन घालून निघून जाणार. इथे कोणाला सांगणार नाही. मी काही विचारणार नाही, नुसता हात मोकळा सोडीन. त्यांना दिसेलच."

डॉक्टर गाऊन घालून बघायला आले त्या दिवशी मीही खोलीत होते, मानपत्रावर त्यांची मंजुरी घ्यायची होती म्हणून. गृहस्थ उंच, गोरे, आणि स्वतःवर बेहद्द खूश. आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मामाने खांदा नीट केला, घेर तपासला, काठाला टाचण्या लावल्या. इकडे त्यांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि 'नामवंत' खोडून 'जगन्मान्य' करायला सांगितलं. हालचालीवरून व्याधी ओळखण्याचं वाक्य आलं तिथे थांबले, म्हणाले, "हे जरा ठळक वाचायला सांगा."

त्याच वेळी मामाने खडू टेबलावर ठेवला. टेप गळ्यातून काढून ठेवला. अंगुस्तान काढून ठेवलं. आणि आरशासमोर, डॉक्टरांच्या अगदी पुढ्यात, उजवा हात मोकळा सोडून उभा राहिला. इतकी वर्षं झाकलेली गोष्ट त्याने उघडी केली होती. हात थरथरायला लागला, अंगठा तर्जनीवर फिरायला लागला. मला रडू येईल असं वाटत होतं, आणि बरंही वाटत होतं की सुटला एकदाचा.

डॉक्टरांनी हाताकडे बघितलं. नीट बघितलं. मग मामाच्या तोंडाकडे बघितलं.

"या वेळेलाच दारू पिऊन येता का कामावर?"

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे माझे मामा आहेत. दारूच्या थेंबालाही शिवत नाहीत."

"घरच्यांना नेहमी सगळ्यात शेवटी कळतं," ते म्हणाले. वर मला समजावल्यासारखे हसले. "तीस वर्षं हेच बघतोय मी."

उचलली जीभ लावली टाळ्याला. ती जीभ जगन्मान्य असली की संपलंच. चहाच्या वेळेपर्यंत कुलसचिवांना कळलं, आणि संध्याकाळी मामाच्या कमरेची किल्ली काढून घेतली. हात कशाने थरथरतो, असं एकानेही विचारलं नाही. एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितल्यावर विचारायचं काय? गाऊनचा काठ बाजारातल्या कोणाकडून तरी दुमडून आणला.

घरी आणखी वाईट झालं. मामीला कोणीतरी सांगितलंच. त्या बाईने आयुष्यभर नवऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता, पण डॉक्टर म्हणाले म्हटल्यावर तोही डळमळला. मामा बाहेरून आला की ती पाण्याचा पेला द्यायच्या निमित्ताने जवळ जाऊन त्याच्या तोंडाचा वास घ्यायला लागली. एकदा मी गेले तर ती शिवणयंत्राच्या मागे हात घालून शोधत होती. बाटली सापडली. उघडून नाकाला लावली. यंत्रात घालायचं तेल होतं. मामा खुर्चीत बसून हे सगळं बघत होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

"मामी, अगं त्याचा हात आजारी आहे," मी म्हटलं.

"मग डॉक्टरांना दिसला असता ना आजार. त्यांचं कामच ते."

मी तेलाची बाटली परत यंत्रामागे ठेवली.

समारंभाला मामा जाणार नाही असं मला वाटलं होतं. पण आपण बेतलेला गाऊन मंचावर कसा पडतो, हे तो दर वर्षी सभागृहात मागे उभा राहून बघायचा. "एकदा बघून येतो, मग झालं," म्हणाला. मामीही सोबत आली, तो एकटा कुठे जातो हे बघायला. मी दोघांना शेवटच्या रांगेत बसवलं.

गाऊन झकास पडला होता. मानपत्र वाचलं गेलं, ते वाक्य ठळक वाचलं गेलं, टाळ्या झाल्या. मग जगन्मान्य भाषणाला उठले. माणसाकडे बघायला शिका, यंत्रांवर विसंबू नका, असं बरंच सांगून झाल्यावर म्हणाले, "लांबचं कशाला, तुमच्याच विद्यापीठात हा गाऊन घालून बघायला गेलो. शिंपी समोर आला. मी एक शब्द विचारला नाही. नुसता हात बघितला." आणि त्यांनी आपला उजवा हात पुढे धरून करून दाखवला. हात थरथरवला, अंगठा तर्जनीवर फिरवला. हुबेहूब. "भर दुपारी महाशय पिऊन आलेले. मला काळजी रोगाची नव्हती, टाचण्यांची होती."

सभागृह खो खो हसलं. मी मामाकडे बघू शकले नाही. मामीकडे बघितलं. ती मंचावरच्या त्या हाताकडे टक लावून बघत होती, मग तिने मान वळवून मांडीवरच्या नवऱ्याच्या हाताकडे बघितलं. दोन्ही हात तेच करत होते. त्यातला एक दारू न पिता करत होता, हे तर तिला समोर दिसतच होतं. आणि दुसरा हात ज्याचा होता, त्याच्या तोंडाचा तिने आठवडाभर वास घेतला होता, दारूचा कधी आलाच नव्हता. तिने मामाचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला आणि पदरात झाकला.

आणखी काही जण हसले नव्हते. दुसऱ्या रांगेत आमच्या वैद्यक शाखेचे प्राध्यापक बसले होते, त्यांचे अधिष्ठाता मधोमध. नक्कल बघताच त्यांच्यातल्या तिघा-चौघांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने खाली मान घातली. मग भाषण संपलं, आणि सगळ्यात आधी उठून टाळ्या वाजवल्या त्या अधिष्ठातांनी.

समारंभानंतर आम्ही तिघं गाऊनच्या खोलीत बसलो होतो. भाड्याचे गाऊन परत घ्यायला खोली उघडी ठेवली होती, माणसं गाऊन फेकून जात होती. अधिष्ठाता आत आले, दार लावून घेतलं, मामाचा हात हातात घेऊन कोपरात वाकवून बघितला, चार पावलं चालायला लावलं.

"कंपवात आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "औषध आहे याला. पुष्कळ फरक पडतो. उद्या माझ्याकडे या."

"तुम्हाला कसं कळलं साहेब?" मामाने विचारलं.

"त्यांनी करून दाखवलं ना. इतकं स्पष्ट होतं."

"म्हणजे नक्कल बघणाऱ्यांना कळलं, करणाऱ्याला नाही."

अधिष्ठाता कसनुसं हसले. "हे बघा, एवढं मात्र आपल्यातच राहू दे. फार मोठा माणूस आहे. आपल्या विद्यापीठाचा आजच मानकरी झालाय."

मामी उठून उभी राहिली. "मग वर जाऊन माइकवर एवढंच सांगा, की हा माणूस पीत नाही."

"बाई, पाहुण्यांचा मान असतो."

"मान त्यांचा आणि दारू आमची?"

अधिष्ठाता घड्याळाकडे बघत निघून गेले. वर पाहुण्यांबरोबर चहा होता.

औषध मात्र त्यांनी दिलं, हे कबूल करायला हवं. महिन्याभरात मामाचा हात बराच शांत झाला, पावलं मोठी पडायला लागली, तोंडावर हसू आलं. आणि याचा परिणाम काय झाला? सगळ्या विद्यापीठाने डोळ्यांनी बघितलं की गाऊनमामाचा हात थरथरायचा थांबला. म्हणजे त्याने दारू सोडली. कुलसचिवांनी त्याला बोलावून पाठीवर थाप मारली, किल्ली परत दिली, आणि पुन्हा त्या वाटेला न जाण्याबद्दल बजावलं. डॉक्टरांना कोणीतरी आवर्जून कळवलं की आपल्या एका वाक्याने एक संसार वाचला. ते भाषण आमच्या वार्षिक अंकात छापून आलं, खाली ही टीपही आली. अंकाची मुद्रितं मी तपासली. टीप काढा म्हणून तीनदा सांगितलं. 'संपादक मंडळाचा निर्णय' असं उत्तर मिळालं.

पुढच्या वर्षी अध्यक्षांची तब्येत बरी होती, म्हणून पदवी घरच्याच माणसाला द्यायचं ठरलं. आमच्या अधिष्ठातांना. त्यांच्या मजकुरात 'सत्य बोलताना कोणाचीही भीड न बाळगणारे' असं होतं. मी ते त्यांच्या समोर जसंच्या तसं वाचून दाखवलं, त्याच खोलीत, त्याच आरशासमोर. ते गाऊन घालून उभे होते आणि कुलसचिव शेजारी होते. मामा काठाला टाचण्या लावत होता, एकही चुकत नव्हती.

"गाऊनमामा," कुलसचिव कौतुकाने म्हणाले, "हात आता अगदी स्थिर झाला हो तुमचा."

मामाने खडू टेबलावर ठेवला. टेप काढून ठेवला. उजवा हात आरशासमोर मोकळा सोडला. हात बराचसा गप्प होता.

"हो ना," तो म्हणाला, "दारू सोडली. विचारा अधिष्ठातासाहेबांना."

कुलसचिवांनी अधिष्ठातांकडे बघितलं. अधिष्ठाता आरशातल्या आपल्या खांद्याकडे बघत म्हणाले, "हो. सोडली त्यांनी."