काझीरंगाला जाताना उतरायचं कुठं?

एकदाही विमानात न बसता सर्वांत जास्त विमानतळ फिरून आलेला माणूस दाखवा, असं पूर्वी कुणी म्हटलं असतं तर मी क्षणाचाही विचार न करता बेळगावातल्या वडगावच्या आमच्या मामासासऱ्यांकडे बोट दाखवलं असतं. घरात साड्यांचे दोन माग, स्कूटरवरून सुताच्या दुकानापर्यंत जायचं आणि परत यायचं, एवढाच त्यांचा प्रवास. पण गुवाहाटीच्या विमानतळावर सामानाचा पट्टा कुठल्या हाताला आहे ते डोळे मिटून सांगायचे. माझ्या लग्नात सासूबाईंच्या या धाकट्या भावाला जेवढा आनंद झाला तेवढा माझ्या नवऱ्यालाही झाला नसावा, कारण मी निपाणीच्या शाळेत भूगोल शिकवते. अक्षता पडल्या, आहेराची रांग लागली, मामा पुढे आले, साडीचा पुडा माझ्या हातात ठेवला आणि आशीर्वादाच्या जागी विचारते झाले, "पोरी, जोरहाटला थंडीच्या दिसात धुकं किती वाजता उठतंय गं?" मी नवी नवरी. मान खाली घालून "बघून सांगते" म्हणाले. ते बघून सांगणं पुढे नऊ वर्षं चाललं.

या सगळ्याच्या मुळाशी होती मामी. मामी बेळगुंदीत वाढलेली, लहानपणी म्हशींमागे रानोमाळ हिंडलेली. लग्न करून वडगावात आली ती थेट कांडी मशीनपाशी बसली आणि मागाच्या धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरता भरता तिचे केस पांढरे झाले. एकदा टीव्हीवर काझीरंगाचा गेंडा दाखवत होते. अंगावर चिखल, पाठीवर पांढरा बगळा. मामीचा हात थांबला. "अगं बया, आमच्या बेळगुंदीच्या म्हशीगत बसलाय की बगळा पाठीवर!" ती म्हणाली, "एकदा बघाय पायजे ह्या बाबाला." लग्न झाल्यापासून मामीने तोंड उघडून मागितलेली ही पहिली गोष्ट. मिक्सरसुद्धा मामांनी तिने न मागता आणला होता. त्यामुळे हे मागणं त्यांनी काळजावर घेतलं. रेल्वेने जायचं कुणी सुचवलं तेव्हा ते दुखावलेच. "जनावर बघाय जायाचं हाय, जनावरागत कोंबून जायाचं न्हाय," म्हणाले. म्हणजे विमान ठरलं. आता उतरायचं कुठल्या विमानतळावर, एवढंच राहिलं, आणि घोडं अडलं ते तिथेच.

मामांनी विमानतळांची चौकशी अशी मांडली की जणू घरात लग्नाची मुलगी आहे. जोरहाटचं स्थळ जवळचं, उतरलं की काझीरंगा दोन पावलांवर, पण विमानं थोडी. गुवाहाटीचं घराणं मोठं, विमानांची ये-जा भरपूर, पण तिथून पुढे अर्धा दिवस गाडीत जातो. तेजपूरचं नाव कुणीतरी मध्यस्थाने सुचवलं म्हणून विचारात घेतलं होतं, पण फारशी माहिती निघेना. दिमापूर त्यांनी पहिल्याच बैठकीत बाद केलं, कारण ते शेजारच्या राज्यात येतं. "आपला जलम ह्या सीमेवर गेला," मामा म्हणाले, "आता फिराय जाताना आनि एक सीमा कशाला?" दर रविवारी ते सांबऱ्याला जायचे, बेळगावच्या विमानतळाच्या कुंपणाबाहेर स्कूटर लावून विमान उतरताना बघायचे आणि बाहेर पडणाऱ्या प्रवाशांना गाठून ईशान्येकडचं काही कळतंय का ते चाचपायचे. हैदराबादहून लेकीचं बाळंतपण करून आलेल्या एका बाईंना त्यांनी जोरहाटच्या धुक्याबद्दल इतकं विचारलं, की त्या बिचाऱ्या "विचारून कळवते" म्हणून नंबर देऊन गेल्या. विमान कंपनीच्या फोनवर मराठीची सोय नाही म्हणून कन्नडचं बटण दाबायचे. पलीकडची मुलगी आधी "सर" म्हणायची आणि अर्ध्या तासाने "अज्जा" म्हणायला लागायची. तिकीट मात्र कधी निघालं नाही.

निघायचं कुठून, यावरही त्यांचं मन अधूनमधून पालटायचं. मग आमच्या निपाणीला फोन. "तुझ्याकडनं कोल्हापूर जवळ पडतंय न्हवं? मग आमी मुक्कामालाच येतो. थितनं बघू." मी भाबडेपणाने तीनदा गाद्या उन्हात घातल्या. तिन्ही वेळा मामा आले नाहीत, त्यांचा दुसरा फोन आला. "न्हाय गं, सांबरंच बरं. घरचं ते घरचं." नवरा मला म्हणायचा, तू त्यांना नाद लावतेस. खरं तर नाद मला लागला होता. वर्गात ब्रह्मपुत्रा शिकवताना माझाच आवाज हळू व्हायचा, आणि मुलं एकमेकांकडे बघायची.

कारण मामांचं उड्डाण मी प्रत्यक्ष पाहिलं होतं. वडगावात दुपारी लाईट गेली की गल्लीतले सगळे माग एकदम थांबतात. दिवसभर खटखटाट ऐकलेल्या कानांत ती शांतता मोठी होत जाते. कुणाच्या तरी परड्यातली कोंबडी ऐकू येते, कौलांमधल्या काचेतून उन्हाचा चौकोन मागावरच्या अर्ध्या साडीवर येऊन थांबतो, हवेत सुताचे तंतू तरंगत असतात. मामा मागाला टेकून बसायचे आणि हलक्या आवाजात सुरू करायचे, "हां, उतरलो. बाहीर आलो. गार वारं हाय, शाल घे गं." कांडी मशीनपाशी बसलेली मामी खरोखरच पदर खांद्यावर ओढून घ्यायची. "आता डाव्या अंगाला नदी. लई रुंद. पलीकडचा काठ दिसत न्हाय." "मधी होडी हाय का?" मामी विचारायची. "हाय की. एक हाय." मग चहाचे मळे, सुपारीची झाडं, बांबूची कुंपणं. मी दारात चपला काढून तशीच उभी राहायची, आत जाऊन त्यांची गाडी थांबवायचा धीर व्हायचा नाही. लाईट यायची, सगळी गल्ली पुन्हा धडधडायला लागायची आणि दोघंही कामाला लागायची. गेंड्यापर्यंत मात्र ती कधी पोचली नाहीत, कारण कुठल्या विमानतळावरून निघालो यावरून वाटेतच मामांचं मन बदलायचं.

आणि खरी अडचण तर वेगळीच होती. मामांच्या घरात माग मोकळा ठेवायचा नाही, अशी रीत. मागामागच्या रुळावर, म्हणजे बीमवर, गुंडाळलेला उभ्या सुताचा ताणा संपत आला, की नव्या ताण्याचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडायचा, म्हणजे विणकाम पुढे चालू. त्यांच्या वडिलांनी हेच केलं, आजोबांनी हेच केलं. मामांना विचारावं, कधी निघताय? तर उत्तर तयार असायचं, "हे बीम संपलं की निघालोच." ज्या घरात ताणा कधी संपूच द्यायचा नाही, त्या घरातला हा वायदा! मामीला हे कळत होतं. ती फक्त हसायची.

मग एका उन्हाळ्यात मामी चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून माझ्याबरोबर बेळगावात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे आली. नंबर नव्हता, काचबिंदू होता. नजर कडेकडेने मिटत चालली होती. गेलेलं परत येणार नाही, आहे ते थेंबांनी टिकवायचं बघू, पण किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाहेर येऊन आम्ही रसाच्या गाड्यावर बसलो. मामीने ग्लास दोन्ही हातांनी धरला होता. "त्यास्नी सांगू नगंस," ती म्हणाली. "घाबरतील, आनि घाबरले की आणखी दोन विमानतळं हुडकून काढतील." मला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. मी शब्द दिला.

तो शब्द मी दसऱ्यापर्यंत पाळला. दसऱ्याला सोनं द्यायला गेले, तेव्हा मामीने चहा ओतला तो कपाच्या बाजूला. मामा मोठ्याने हसले. "ध्यान कुठं हाय तुझं? उतरलीस का काय गुवाहाटीला?" मामीही हसली आणि फडक्याने चहा पुसताना तिचा हात जरा भलतीकडेच फिरला. मला राहवलं नाही. निघताना मामा मला बस स्टँडवर सोडायला स्कूटरपाशी आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी हँडल घट्ट धरून ठेवलं होतं. एकच विचारलं, "सांजच्याला कमी दिसतंय व्हय तिला?" मी म्हटलं, "अंधार पडला की जवळजवळ नाहीच, मामा." ते तडक आत गेले. मीही मागोमाग गेले.

एका मागावरचं बीम संपत आलं होतं, दुसऱ्यावरचं चार-आठ दिवसांत संपणार होतं. नवी बीमं भिंतीला उभी होती. मामांनी गाठी मारणाऱ्याला फोन केला आणि आता येऊ नकोस म्हणून सांगितलं. मामी दचकली. "अहो, माग मोकळा ऱ्हाईल की!" "ऱ्हाऊ दे," मामा म्हणाले. "दोन्ही ऱ्हाऊ देत." मग माझ्याकडे वळून, नऊ वर्षं जे ठरलं नाही ते एका दमात सांगितलं, "गुवाहाटीचं काढ तिकीट." मी चक्रावले. म्हटलं, "पण मामा, जोरहाट किती जवळ!" त्यांनी मान हलवली. आपल्याकडून निघून जोरहाटला पोचेपर्यंत दुपार टळते, हे त्यांना तोंडपाठ होतं. "तिकडं दिस लौकर बुडतोय, तूच सांगितलंस न्हवं? मंजी रस्ता जवळचा, पन अंधाराचा. गुवाहाटीला एक मुक्काम करू आनि उजाडलं की निघू. रस्ता लांबचा, पन समदा उजेडाचा. नुसता गेंडाच कशाला, वाटंतलं बी दिसू दे की तिला." मामीने माझ्याकडे बघितलं. मी शब्द मोडला होता. ती रागावली नाही, उठून पुन्हा चहा ठेवायला गेली.

पाट्या वाचायला आणि कागद सांभाळायला मला बरोबर घेतलं होतं, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. विमान पळायला लागलं तसे मामांनी डोळे गच्च मिटले आणि मिटल्या डोळ्यांनीच आम्हाला बाहेर काय दिसतंय ते सांगत राहिले. "आता सांबऱ्याची शेतं. आता मार्कंडेय नदी." खिडकीशी बसलेली मामी म्हणाली, "अहो, नुसतं ढग हाईत." गुवाहाटीला सामानाचा पट्टा भलत्याच हाताला निघाला. मामा थोडा वेळ त्याच्याकडे रोखून बघत राहिले. मग म्हणाले, "बदललाय त्येनी," आणि पुढे चालू लागले. दुसऱ्या दिवशी उजाडता निघालो ते सगळी वाट उजेडातून. ब्रह्मपुत्रा आली तेव्हा मामीच सांगत होती, आणि होड्या एक सोडून चार होत्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी उघड्या जीपमध्ये बसलो. माणसापेक्षा उंच गवत, त्यावर दव, दवावर कोवळं ऊन. सगळं इतकं निःशब्द, की जीप थांबली तेव्हा आपण स्वप्नात आहोत असंच मला वाटलं. ड्रायव्हरने हळूच बोट केलं. मोकळ्या पाणथळ जागेत गेंडा चरत होता, एकटा. मी पाहिला आणि पटकन मामीकडे वळले. ती भलतीकडे बघत होती. तिची नजर अरुंद झाली होती, नळीतून पाहिल्यासारखी, आणि त्या नळीत एवढ्या रानातून एक गेंडा सापडत नव्हता. "कुठं? कुठं हो?" ती कुजबुजत होती. चार माणसांत बायकोच्या शेजारी बसायलाही लाजणारे मामा. त्यांनी दोन्ही हातांनी तिचा चेहरा धरला आणि अगदी सावकाश, सूत तुटू नये अशा हाताने, इंच इंच वळवला. "थितं... जरा खाली... आता?" "दिसला," मामी म्हणाली. "अवो, दिसला! गवात खातोय! पाठीवर बगळा न्हाय की पन." तिच्या गालांवरून पाणी मामांच्या बोटांवर उतरत होतं. मामांनी हात काढले नाहीत. गेंडा चरत चरत गवतात शिरेपर्यंत तसेच धरून बसले.

परतीच्या वाटेवर मी विचारलं, "कसा वाटला मामा गेंडा?" ते थोडे ओशाळले आणि मामीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "मी न्हाय बघिटला. मी हिच्याकडंच बघत हुतो." त्यानंतर दोनदा जीपमधून फिरलो, पण तेवढ्या जवळ गेंडा पुन्हा आला नाही.

आता दोन्ही माग चालू आहेत. मामीला उजेड-अंधार कळतो, त्यापलीकडे फारसं नाही. कांड्या भरायला शेजारची बाई येते. सांबऱ्याला मामा हल्ली जात नाहीत, आणि मला फोन करून कुठल्या गावचं धुकंही विचारत नाहीत. त्या फोनची मला फार आठवण येते. परवा गेले, तेव्हा चहाच्या वेळी दोघं सोप्यात बसली होती. जगातल्या प्रत्येक गोष्टीची माहिती दुसऱ्याला देत आलेला हा माणूस मामीपुढे ऐकणारा होऊन बसला होता.

"मान वर केली त्येनं, आनि कान हालवला," मामी सांगत होती.

"कुठला?"

"आधी डावा. मग उजवा."

"आनि मग गं?"

मामी सांगत राहिली. मामांनी कप खाली ठेवला आणि नीट दिसावं म्हणून डोळे मिटून घेतले.