मेंढरांच्या हिशेबानं कादंबरी

धोंडीबा सर संगणकासमोर बसताना चपला दाराबाहेर काढत, टोपी मात्र डोक्यावरच ठेवत. नव्वदच्या दशकात बारामतीत माझा संगणकाचा क्लास होता. बाकीची पोरं नोकरीच्या आशेनं यायची. हे पन्नाशीचे मराठीचे शिक्षक दर रविवारी इंदापूरहून एसटीनं यायचे ते चक्क कादंबरी लिहायला! शाळेत पुस्तकी बोलणारे सर माझ्याकडे त्यांच्या गावची, सुप्याची, घरची बोली बोलत.

"आयची गोष्ट हाय, पोरी. मेंढरांमागं रानोमाळ हिंडली ती. वाचता येत न्हाय तिला. कानानं ऐकू येतंय तवर पुरी झाली पायजे."

मी त्यांना छोटा प्रोग्राम करून दिला. प्रत्येक प्रसंगाची नोंद: नाव, ठिकाण, माणसं, काय घडतं. सर हरखून गेले. अन् एका रविवारी त्यांनी भलतंच बटण दाबलं. सगळे प्रसंग अकारविल्हे लागले. नातवंडं वर, लग्न खाली! जुनी प्रत नव्हती.

सर हसले. "अगं, कळप मिसळले म्हून कुणी रडत बसतं व्हय? सांजच्याला कोकरं सोडायची. ज्येचं त्ये आपली आय हुडकतंय. एक रकाना वाढीव. त्येला नाव दे 'आय'."

मग कुठला प्रसंग कुठल्या प्रसंगातून जन्मला, ते सर त्या रकान्यात लिहू लागले. विहीर आटली म्हणून कळप हलला. कळप हलला म्हणून वाटेतच बाळंतपण. उन्हाळाभर हेच चाललं. कादंबरी पहिल्यापेक्षा घट्ट बसली. फक्त आदर्श शिक्षक म्हणून झालेल्या सरांच्या सत्काराच्या प्रसंगाला आय सापडेना.

"ह्यो माझा मिरवायचा सोस," म्हणत त्यांनी तो पुसून टाकला. लाडका होता हो तो त्यांचा.

छापलेले कागद घेऊन आम्ही सुप्याला गेलो. सरांनी वाचलं, आई डोळे मिटून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुझा सत्कार कुठं हाय रं?"

"त्येचा संबंध लागंना, आये. म्हून काडला."

"संबंध न्हाय? अन् मेंढरं दुष्काळापायी इकली, आसं लिवलंस व्हय? दुष्काळ लई बगितलं मी. तू शिकावास म्हून इकली!"

सरांनी टोपीनं डोळे पुसले. माझेही डोळे भरून आले.

पुढच्या रविवारी सरांनी तो प्रसंग पुन्हा लिहिला. आयच्या रकान्यात टाकलं: मेंढरं विकली. आईनं तोही ऐकला. कादंबरी छापून आली, ती माझ्या क्लासात लिहिली गेली हे मी आजही छाती फुगवून सांगते. तिचा शेवट सरांच्या सत्कारानंच होतो, आणि त्यात हार आईच्या गळ्यात आहे.